हेल्पडेस्क बदलण्याआधी जुनी तिकिटे नव्यात घालून पाहा

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीतल्या सरकारी कचेरीत दाखल्यासाठी अर्ज दिला की हातात ‘सकाला’ योजनेची पावती पडते. तिच्यावर १५ अंकी क्रमांक असतो आणि काम किती दिवसांत व्हायला हवे हेही ठरलेले असते. कर्नाटकात ही पद्धत २ एप्रिल २०१२ पासून राज्यभर लागू आहे. मुदत चुकली तर अर्जदाराला दिवसाला २० रुपये आणि जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मागता येते. निपाणीहून कोल्हापूरच्या दिशेने कागल गाठले की राज्य बदलते, कल्पना तीच राहते. तिथे ‘आपले सरकार’ पोर्टलवर अर्ज जातो आणि महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे एकामागून एक तीन अपिलांची सोय असते. नोंदीला क्रमांक, कामाला मुदत आणि मुदत चुकली तर वरच्या अधिकाऱ्याकडे दाद ही व्यवस्था सीमाभागातल्या माणसाच्या चांगलीच अंगवळणी पडली आहे.

संस्थेच्या आत संगणकाच्या तक्रारींसाठी हेच काम जे सॉफ्टवेअर करते, त्याला आयटी सेवा व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर म्हणतात. बोलताना आपण ‘हेल्पडेस्क’ किंवा ‘तिकीट सिस्टीम’ म्हणतो. दहा-पंधरा शाखांची पतसंस्था, बेळगावच्या उद्यमबागेतला कारखाना, एखादे इस्पितळ, अभियांत्रिकी महाविद्यालय अशा कुणालाही त्याची गरज पडते. पाच-सात वर्षांनी ते जुने वाटू लागते, कर्मचारी कुरकुरतात, नूतनीकरणाची रक्कम वाढते आणि संचालकांसमोर तीन-चार कंपन्यांची कोटेशने येतात. कोडे सुरू होते ते इथून. कागदावर ही सगळी सॉफ्टवेअर अगदी सारखी दिसतात. तेच गुण, तशीच चित्रे, प्रत्येक ओळीपुढे ‘होय’ची खूण, आणि किमतीत मात्र मोठा फरक. मग निवड कशाच्या आधारावर करायची?

गुणांची यादी समोरासमोर ठेवून ही निवड करता येत नाही, असे माझे म्हणणे आहे. आपल्याच जुन्या तक्रारी उमेदवार सॉफ्टवेअरमध्ये घालाव्यात आणि पुन्हा बाहेर काढाव्यात. त्या जा-ये करण्यात काय टिकते आणि काय गळते, यावर निर्णय करावा.

यादी सारखी का दिसते?

१९८० च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या संगणक विभागाने आपल्या खात्यांसाठी आयटी सेवा कशा चालवाव्यात याची मार्गदर्शक पुस्तके तयार करायला सुरुवात केली. त्यांतून ‘आयटिल’ ही पद्धत उभी राहिली. तिची चौथी आवृत्ती २०१९ मध्ये आली. आज बाजारातले जवळपास प्रत्येक हेल्पडेस्क सॉफ्टवेअर याच पद्धतीच्या भाषेत बोलते. त्या भाषेत चार गोष्टी वेगळ्या धरल्या जातात. चालू असलेले काही बंद पडले, तर ती तक्रार. नवे काही हवे असेल, जसे नव्या कारकुनासाठी लॉगिन, तर ती मागणी. एकच तक्रार वारंवार येत असेल तर तिच्यामागचे मूळ कारण शोधण्याची स्वतंत्र नोंद होते. आणि सर्व्हर, नेटवर्क किंवा प्रोग्राममध्ये काही बदलायचे असेल, तर कुणाच्या मंजुरीने, कधी आणि बिघडले तर मागे कसे फिरायचे, हे आधी लिहून ठेवायचे. याशिवाय यंत्रांची यादी असते: कोणता संगणक कुठल्या शाखेत, कधी घेतला, वॉरंटी कधी संपते, एएमसी म्हणजे वार्षिक देखभालीचा करार कुणाकडे.

१९९६ साली सुरू झालेल्या, चेन्नईच्या झोहोच्या ‘मॅनेजइंजिन’ विभागाचे सर्व्हिसडेस्क प्लस घ्या, २०१० साली चेन्नईतच सुरू होऊन २०२१ मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅकवर नोंदलेल्या फ्रेशवर्क्सचे फ्रेशसर्व्हिस घ्या, ऑस्ट्रेलियन मुळाच्या अॅटलासियनचे जिरा सर्व्हिस मॅनेजमेंट घ्या, मोठ्या उद्योगांत रुळलेले सर्व्हिसनाऊ घ्या किंवा फ्रान्समध्ये २००३ पासून वाढलेले मुक्त स्रोताचे जीएलपीआय घ्या. ही चार-पाच कामे यांतले प्रत्येक सॉफ्टवेअर करते. त्यामुळे ‘हे होते का?’ या प्रश्नाचे उत्तर सगळीकडे ‘होते’ असेच येते. प्रश्नच असा आहे की त्याच्या उत्तरातून फरक कळू शकत नाही.

किमतीचा फरक बराचसा हिशेबाच्या पद्धतीमुळे पडतो. बहुतेक ठिकाणी तक्रार करणाऱ्यांची संख्या मोजत नाहीत. ती सोडवणाऱ्यांची मोजतात आणि दरमहा दरडोई पैसे लावतात. तीन तंत्रज्ञ असलेल्या संस्थेला म्हणूनच दोनशे कर्मचाऱ्यांसाठीही बिल आटोक्यात वाटते. पण यंत्रांची यादी मोठी झाली, वरच्या श्रेणीतली एखादी सोय लागली किंवा शाखा व्यवस्थापकांनाही मंजुरीसाठी ‘सोडवणारा’ म्हणून धरले गेले, की हिशेब बदलतो. फ्रेशवर्क्स आणि अॅटलासियन दर जाहीर करतात. सर्व्हिसनाऊ करत नाही, तिथे वाटाघाटीने ठरते. मुक्त स्रोताच्या सॉफ्टवेअरला परवान्याचे पैसे पडत नाहीत, पण ते बसवणारा, सांभाळणारा आणि रोज बॅकअप घेणारा माणूस लागतो. त्याचा पगार तुलनेच्या तक्त्यात न धरणे ही चूक फार संस्था करतात.

नोंद हलते, नाते तुटते

निपाणीच्या बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांना जुनी वहीपद्धत ठाऊक आहे. रोजकीर्दीत दिवसभराचे व्यवहार क्रमाने लिहायचे आणि प्रत्येकापुढे खतावणीतल्या खात्याचे पान टाकायचे. उद्या नवी खतावणी केली, पाने बदलली, आणि रोजकीर्दीत मात्र जुनेच पान राहिले, तर दोन्ही वह्यांत अक्षर न् अक्षर शाबूत असूनही हिशेब लागत नाही. तिकीट सिस्टीमचेही असेच असते. तिकीट म्हणजे रोजकीर्दीतली नोंद. ते ज्या प्रिंटरचे, ज्या कर्मचाऱ्याचे, ज्या मूळ कारणाचे आणि ज्या बदलाचे, त्या प्रत्येकाशी ते आतल्या एका क्रमांकाने जोडलेले असते. नवे सॉफ्टवेअर आयात करताना प्रत्येक गोष्टीला स्वतःचे नवे क्रमांक देते. जुन्या आणि नव्या क्रमांकांची जुळणी कुणी बारकाईने केली नाही, तर ‘निपाणी शाखेचा प्रिंटर बंद’ हे वाक्य नव्या घरी पोहोचते, पण तो कोणता प्रिंटर, हे हरवते. मग तोच प्रिंटर वर्षात किती वेळा बिघडला, हे कळत नाही. दुरुस्ती करत राहावी की नवा घ्यावा, हा निर्णय नेमका त्या आकड्यावर उभा असतो.

दुसरी गळती वेळेची. पुष्कळदा आयात केलेल्या तिकिटावर ‘नोंदवल्याची तारीख’ म्हणून आयातीचाच दिवस उमटतो. तसे झाले की तीन वर्षांपूर्वी सुरू होऊन दोन तासांत मिटलेली तक्रार एक तर आज जन्मलेली दिसते किंवा जन्माआधीच मिटलेली. दोन्ही स्थितींत मुदत पाळल्याचे सगळे आकडे निरर्थक ठरतात. तारखेचा आणखी एक धोका आहे. आपण ०४/०५/२०२४ म्हणजे ४ मे समजतो, अमेरिकन पद्धतीने चालणारा प्रोग्राम ते ५ एप्रिल समजतो. महिन्याच्या बाराव्या दिवसापर्यंत ही चूक बिनबोभाट शिरते. तेराव्या दिवसापासून प्रोग्राम अडतो आणि तेव्हा कुठे लक्षात येते.

तिसरी गळती संभाषणाची. तिकिटाखाली तंत्रज्ञाने लिहिलेली टिपणे, जोडलेले फोटो आणि ‘अमुक केबल बदलल्यावर सुरू झाले’ ही ओळ, संस्थेची खरी कमाई यातच असते. साध्या एक्सेल निर्यातीत बहुधा तिकिटाचा मथळा, स्थिती आणि तारखा येतात, हे येत नाही. ते काढायला एपीआय, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे माहिती मागायची ठरलेली वाट, वापरावी लागते. त्या वाटेवर एका मिनिटाला किती मागण्या करायच्या याची मर्यादाही असते. चौथी गोष्ट तर हलतच नाही: ‘अमुक प्रकारची तक्रार अमुक माणसाकडे जावी, चार तासांत हालचाल नसेल तर वर जावी’ असे नियम. ते नव्याने बांधावे लागतात. विक्रेता ‘डेटा मायग्रेशन मोफत’ म्हणतो, तेव्हा या चारपैकी नेमके काय मोफत आहे, ते लेखी घ्यावे.

सीमाभागाची स्वतंत्र परीक्षा

बंगळूर किंवा पुण्याच्या संस्थेला ज्या अडचणी येणार नाहीत, त्या इथे येतात. त्या विक्रेत्याच्या माहितीपत्रकात कधीच नसतात.

पहिली अडचण नावांची. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटक सरकारने १२ शहरांची नावे अधिकृतपणे बदलली, त्यांत बेळगाव होते. त्यामुळे एकाच कार्यालयाची नोंद जुन्या इंग्रजी स्पेलिंगने, नव्या इंग्रजी स्पेलिंगने, मराठीत ‘बेळगाव’ आणि कन्नडमध्ये ‘बेळगावि’ अशी चार तऱ्हांनी सापडते. निपाणी पूर्वी चिकोडी तालुक्यात होती, आता स्वतः तालुका आहे. जुन्या यंत्रयादीत ‘चिकोडी’ लिहिलेला संगणक प्रत्यक्ष निपाणीत असू शकतो. माणसाला हे कळते. प्रोग्रामला चार नावे म्हणजे चार ठिकाणे. ही जुळणी सॉफ्टवेअर करत नाही, ती आपल्यालाच आधी करावी लागते.

दुसरी अडचण लिपीची, आणि ती जास्त खोल आहे. सर्व लिप्यांसाठी एकच संकेतपद्धती ठरवणाऱ्या युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी आणि कन्नड दोन्ही होत्या. पण आपल्याकडची कार्यालये कितीतरी वर्षे मराठीसाठी श्री-लिपी आणि कन्नडसाठी नुडी यांच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकन करत राहिली. त्या पद्धतीत फाइलमध्ये खरी मराठी किंवा कन्नड अक्षरे नसतातच. असतात रोमन अक्षरांचे संकेत, आणि फॉन्ट त्यांना आपल्या लिपीचे रूप देतो. अशी नोंद नव्या सॉफ्टवेअरमध्ये गेली की फॉन्टचा आधार सुटतो आणि पडद्यावर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. तो शोधताही येत नाही. आधी परिवर्तकाने युनिकोड करावे, मग आयात करावी, आणि ‘ळ’, ‘ऱ्य’, ‘ज्ञ’ असलेले शब्द शोधून पाहावेत. युनिकोडमधली फाइलसुद्धा एक्सेलमध्ये चुकीच्या पद्धतीने उघडून जतन केली की बिघडते. एक्सेल आकड्याच्या सुरुवातीचे शून्यही खाते: निपाणीचा दूरध्वनी संकेतांक ०८३३८ तिथे ८३३८ होतो. यंत्रांचे क्रमांक शून्याने सुरू होत असतील, तर पूर्ण यादी चुकते.

तिसरी अडचण दिनदर्शिकेची. मुदतीचे घड्याळ फक्त कामाच्या वेळेत चालायला हवे. बहुराज्य सहकारी संस्था अधिनियम, २००२ खाली नोंदलेल्या संस्थेची एक शाखा निपाणीत आणि दुसरी कागलमध्ये असू शकते. १ नोव्हेंबरला राज्योत्सवाची सुटी निपाणीत असते, कागलमध्ये नसते. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची सुटी कागलमध्ये असते, निपाणीत नसते. सॉफ्टवेअरमध्ये संपूर्ण संस्थेसाठी एकच दिनदर्शिका असेल, तर दरवर्षी काही तक्रारींची मुदत खोटी चुकलेली दिसेल आणि काहींची खोटी पाळलेली. शाखावार दिनदर्शिका कोणत्या श्रेणीच्या परवान्यात मिळते, हा प्रश्न किमतीवर थेट परिणाम करतो.

> चौकट: चाचणीसाठी कोणती तिकिटे घ्यावीत?
> सुमारे दोनशे पुरतात, पण ती निवडून घ्यावीत. ३१ मार्चच्या वर्षअखेरीच्या धावपळीतली घ्या. मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्हींतली घ्या. फोटो जोडलेली, पुन्हा उघडलेली, वरच्या अधिकाऱ्याकडे गेलेली आणि नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याने नोंदवलेली तर हवीतच. ती नव्यात घाला, मग नव्यातून बाहेर काढा आणि मूळ फाइलशी ताडून पाहा. यंत्राशी नाते, मूळ तारीख, टिपणे आणि अक्षरे या चार गोष्टी तपासा. हे काम विक्रेत्याच्या माणसाने करू नये, आपल्या माणसाने करावे.

घालण्याइतकेच काढणे का महत्त्वाचे?

‘आत्ता आत जायचे आहे, बाहेर पडण्याचा विचार कशाला?’ असा आक्षेप संचालक मंडळात हमखास येतो. त्याचे उत्तर गेल्या काही वर्षांच्या घटनांतच आहे. अॅटलासियनने ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केले की संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालणारी त्यांची ‘सर्व्हर’ आवृत्ती बंद होणार. १५ फेब्रुवारी २०२४ ला तिचा आधार संपला. ज्यांनी ‘आपला डेटा आपल्या खोलीत’ म्हणून ती निवडली होती, त्यांना दुसरी वाट धरावी लागली. जर्मनीत जन्मलेले ओटीआरएस हे मुक्त स्रोताचे म्हणून जगभर वापरले जाई. त्याच्या मोफत आवृत्तीचा आधार २०२० संपताना थांबला. तिथे वापरकर्ते वाचले ते मूळ कोड खुला असल्यामुळे. झ्नुनी नावाने दुसऱ्यांनी तीच आवृत्ती पुढे चालू ठेवली. या दोन्ही घटनांत ग्राहकाने काही चूक केली नव्हती. सॉफ्टवेअर बदलण्याचा निर्णय नेहमी आपलाच असतो असे नाही, म्हणून बाहेरची वाट पहिल्याच दिवशी तपासलेली हवी.

‘मग मोठ्या कंपनीचे क्लाउड घ्या, ते सुरक्षित’ हा पुढचा आक्षेप. तो पोकळ नाही. मोठ्या कंपनीकडे जितकी माणसे आणि जितके बॅकअप असतात, तितके तालुक्याच्या संस्थेकडे नसतात. तरी एप्रिल २०२२ मध्ये अॅटलासियनच्या एका देखभालीच्या कामात, एक जुने जोडसॉफ्टवेअर काढण्याऐवजी ग्राहकांच्या संपूर्ण साइट पुसल्या गेल्या. ७७५ ग्राहकांना फटका बसला आणि काहींची सेवा सुरू व्हायला १४ दिवस लागले. कंपनीने कारणांचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला आणि माहिती परत आणली, हे तिच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे. पण त्या १४ दिवसांत ज्याच्याकडे आठवड्याची स्वतःची प्रत होती त्याचे काम कसेबसे चालू शकत होते, आणि ज्याच्याकडे नव्हती त्याला आपल्या उघड्या तक्रारी किती, हेही सांगता येत नव्हते.

आपल्या सहकारी क्षेत्राला जवळचा धडा ३१ जुलै २०२४ चा. छोट्या बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर खंडणीखोर सायबर हल्ला झाला आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने खबरदारी म्हणून तिची जोडणी तात्पुरती तोडली. सुमारे ३०० सहकारी आणि ग्रामीण बँकांचे यूपीआय व एटीएम व्यवहार त्या काळात अडले. अशा दिवशी शाखांतून तक्रारींचा पूर येतो. हेल्पडेस्कही त्याच पुरवठादाराच्या त्याच यंत्रणेत असेल, तर तक्रार नोंदवायची जागाच बंद असते. म्हणून मूळ बँकिंग प्रणाली आणि हेल्पडेस्क एकाच टोपलीत ठेवू नयेत, मग पुरवठादार कितीही सवलत देवो. कायद्याचा काटाही इथे फिरतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि यंत्रणांचे लॉग १८० दिवस भारतात जपायचे असतात. ‘घटना केव्हा लक्षात आली’ याचा पुरावा म्हणजे पहिले तिकीट. त्याची वेळ विश्वासार्ह नसेल, तर सहा तास कुठून मोजायचे?

‘जुने कशाला न्यायचे?’

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. जुना कचरा कशाला हलवायचा, १ एप्रिलला कोऱ्या पाटीने सुरुवात करू. यात तथ्य आहे, आणि सगळे हलवावे असे मीही म्हणत नाही. तीन वर्षांपूर्वी मिटलेली पासवर्डची तिकिटे वाचता येईल अशा फाइलमध्ये बाजूला ठेवली तरी पुरते. पण उघडी तिकिटे, यंत्रांची यादी, मूळ कारणांच्या नोंदी आणि चालू वॉरंटीतल्या यंत्रांचा दुरुस्तीचा इतिहास मागे ठेवला, तर एएमसीवाल्याशी भांडायला हातात कागद उरत नाही. बेळगावचा तंत्रज्ञ सुमारे ७५ किलोमीटरवर निपाणीला पोहोचतो, तेव्हा मागच्या वेळी काय केले होते हे त्याला कळायला हवे. नाहीतर दुसरी फेरी ठरलेलीच.

आणखी एक म्हणणे असे की या चाचणीत माहितीची परीक्षा होते, रोजच्या वापराची होत नाही. हे मला निम्मे मान्य आहे. शाखेतल्या कारकुनाला मोबाइलवर, मराठीत किंवा कन्नडमध्ये, दोन मिनिटांत तक्रार नोंदवता आली नाही तर तो पुन्हा फोनच उचलणार आणि नोंदच होणार नाही. म्हणून दोनशे जुन्या तिकिटांपैकी वीस-पंचवीस शाखेतल्या माणसांकडून नव्याने नोंदवून घ्यावीत. पडद्यावर कुठे अडखळलो ते त्यांनी सांगितले की विक्रेत्याच्या सादरीकरणाची गरज फारशी उरत नाही.

या परीक्षेत कधी कधी अनपेक्षित निकाल लागतो. निवडलेल्या तिकिटांपैकी निम्म्यांवर प्रकारच लिहिलेला नाही, ‘इतर’ या एका रकान्यात सगळे कोंबले आहे, मिटल्याची वेळ कुणी भरलेली नाही, असे दिसते. तेव्हा दोष सॉफ्टवेअरचा नसतो आणि नवे घेऊन तो जाणारही नाही. अशा संस्थेने या वर्षी करार करू नये. प्रकारांची छोटी, सर्वांना कळेल अशी यादी करावी, ती सहा महिने आहे त्याच सॉफ्टवेअरमध्ये काटेकोर पाळावी आणि मग पुन्हा चाचणी घ्यावी. ज्यांच्या नोंदी नीट आहेत, त्यांनी कोटेशनवर सही करण्याआधी विक्रेत्याकडून दोन गोष्टी लेखी मागाव्यात: महिन्याभराचा चाचणी परवाना, आणि करार संपल्यावर टिपणे, जोडपत्रे व नात्यांसह सर्व माहिती कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि किती खर्चात परत मिळेल याचे उत्तर. जो विक्रेता दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखी देत नाही, त्याचे कोटेशन सर्वांत स्वस्त असले तरी बाजूला ठेवा.